‘पण लक्षात कोण घेतो?’ : गुण आणि उणिवा



परीक्षेत ‘कादंबरीतील सामाजिक दृष्टिकोन लिहा’ असा प्रश्न आला की आपण नुसती स्तुती लिहून मोकळे होतो. या पाठात आम्ही हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीच्या दोन्ही बाजू पाहणार आहोत. ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

कथानक थोडक्यात असे. यमूचे लग्न लहानपणी होते. सासरी जाच असतो, पण पती रघुनाथराव तिला लिहायला-वाचायला शिकवतात. मुंबईच्या बिऱ्हाडात ती काही दिवस सुखाने राहते. पुढे पती वारतात आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन केले जाते.

गुण : पहिला गुण म्हणजे यमू स्वतःच आपली हकीकत सांगते. विधवांची दुःखे बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’मध्ये १८५७ सालीच मांडली होती, पण तिथे धर्मोपदेश फार आहे. आपटे उपदेश बाजूला ठेवून घरातली बोलभाषा आणि रोजचे प्रसंग ठेवतात, त्यामुळे वाचक यमूच्या बाजूला जाऊन बसतो. दुसरा गुण असा, की रूढी चालवण्यात घरातल्या बायकांचाही हात असतो हे लेखक लपवत नाहीत. तिसरा गुण वेळेचा. संमतिवयाचा वाद पेटला असताना ही कथा घरोघर वाचली जात होती. १८९१ च्या कायद्याने ते वय १० वरून १२ वर्षे झाले.

उणिवा : यमूचे सुख सर्वस्वी नवऱ्याच्या चांगुलपणावर टिकून आहे. तो गेला आणि सगळे संपले. मैत्रीण दुर्गीला नवरा वाईट मिळाला, म्हणून तिचे हाल झाले. स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या बाईची वाट इथे दिसत नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता, तरी यमूसाठी तोही मार्ग उघडत नाही. ‘तेव्हाचे वास्तवच तसे होते’ असे कोणी म्हणेल आणि त्यात तथ्यही आहे. पण त्याच वास्तवात ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला होता. १८९० मध्येच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता.

दुसरी उणीव अशी, की कादंबरीचे जग पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांपुरते आहे. लिंबायतमधल्या आपल्यापैकी अनेकांची घरे खानदेशातून आली. तिकडच्या कित्येक कष्टकरी समाजांत विधवेचा ‘पाट’ लावण्याची चाल पूर्वीपासून होती. शेतात राबणाऱ्या त्या बाईची दुःखे वेगळी होती, आणि ती या पानांत नाहीत.

सुरतलाही हा विषय नवा नव्हता. इथे १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि आपले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी ‘मानव धर्म सभा’ काढली होती. दुर्गारामांनी विधवाविवाहाचा पुरस्कार केला होता.

आम्हाला ही चर्चा महत्त्वाची वाटते, कारण आजही ‘चांगले स्थळ आले’ एवढ्या कारणाने एखाद्या हुशार मुलीची शाळा सुटते. चांगला नवरा मिळणे हे नशीब झाले. शिक्षण आणि स्वतःची कमाई हा तिचा आधार आहे. कादंबरीने पहिली गोष्ट फार चांगली रंगवली, दुसरी आपल्याला पुरी करायची आहे.

स्वाध्याय :
१. यमू आणि दुर्गी यांच्या जीवनाची तुलना करा.
२. आजी किंवा आईला विचारा : तुमचे लग्न कितव्या वर्षी झाले? शाळा कितवीत सुटली? उत्तर दहा ओळींत लिहा.