द्राक्षबागेत लुडोचं गणित

फळांसाठीची गोडी छाटणी झाली, की नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीच्या नोंदींचं आमचं ॲप रोज उघडलं जातं. एप्रिलपर्यंत माल निघतो आणि तोच शेतकरी ते काढून टाकतो. फोनमध्ये लग्नसराईच्या व्हिडिओंना जागा हवी असते. आमच्या सल्लागाराने निदान केलं, ‘लोक टिकत नाहीत.’ औषधही गेमच्या दुकानातलं दिलं: रोज नोंद केली की नाणी, मधूनमधून पडदाभर जाहिरात.

नाण्यांसाठी लोक न मारलेली फवारणी नोंदवू लागले. काही घरांत तर हे काम शाळकरी पोरांनीच हौसेने अंगावर घेतलं. ज्या नोंदवहीवर विश्वास ठेवायचा, तीच नासली.

गेमचं गणितच वेगळं असतं. नवी मुंबईत तयार झालेला, २०१६ साली आलेला लुडो किंग हा गेम २०२० च्या टाळेबंदीत घरोघर पोचला. गेममध्ये माणूस जितका रेंगाळेल तितक्या जाहिराती दिसतात. हरलेला गडी आणखी एका संधीसाठी जाहिरात आपणहून बघतो. ब्लोअर जोडून ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला फक्त औषधाचं प्रमाण बघून निघायचं असतं. त्याने ॲप अर्ध्या मिनिटात बंद केलं, तर ते चांगलं चाललंय असं समजा.

म्हणून इन्स्टॉलनंतर सातव्या आणि तिसाव्या दिवशी किती उरले हे बघत बसू नका. मागच्या छाटणीचे किती जण या छाटणीला परतले ते मोजा. ॲप काढलं तर काढू द्या, नोंदी मात्र फोन नंबरवर जपून ठेवा.

आता पैसा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या संजीवकाचे अंश सापडले आणि युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. युरोपला माल पाठवायचा तर अपेडा या सरकारी कृषी-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर बागेची नोंद लागते, उर्वरित अंशांची तपासणी लागते. खऱ्या फवारणी-नोंदीची निकड सर्वात जास्त निर्यातदाराला असते. बिल त्याच्याकडे पाठवा, तेही हंगामाचं. शेतकऱ्याचा पैसा माल विकल्यावर येतो; त्याच्याकडे महिन्याची वर्गणी मागणं मला तरी पटत नाही.

आणि इन्स्टॉलमागे पैसे मोजून आणलेल्या गर्दीला भुलू नका. गेमला कोणीही चालतो, आम्हाला बागवाला लागतो. तो कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर सापडतो. दुकानदाराला ॲप नीट शिकवा, आणि औषधांच्या यादीत त्याच्याकडे मिळणाऱ्या औषधांची नावं आहेत का, हे त्याच्यासमोरच तपासा.