मेंदूची साखर आणि उपवासाची गोळी

श्रावणातल्या शनिवारी आपल्या शहरातून रात्रीच पायी निघून खुलताबादेस भद्रा मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांत मधुमेही गृहस्थही पुष्कळ असतात. आणि डॉक्टरांनी गोळी चुकवू नका म्हणून बजावले आहे, या निष्ठेने जे उपाशीपोटी ती घेऊन वाट धरतात, त्यांची चिंता मला साखर थोडी वाढलेल्या रुग्णाहून अधिक वाटते.

देहाच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा असलेला मेंदू देहाच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे दिवसाकाठी १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज, एकटा खर्च करतो. त्यावर पहिला संस्कार करणारे विकर हेक्सोकायनेज-१ होय, ज्याचा जनुक दहाव्या गुणसूत्रावर आहे; पेशीत शिरलेल्या रेणूवर ते फॉस्फेटची अशी मोहोर उमटवते, की जकातनाका ओलांडलेल्या मालाप्रमाणे त्याला माघारी जाता येत नाही. यकृतातले त्याचे भाऊबंद ग्लुकोकायनेज साखर मुबलक असेल तेव्हाच नेटाने चालते, मेंदूतले मात्र अत्यल्प साखरेवरही आपले काम सोडत नाही. पण उपाशीपोटी घेतलेल्या गोळीने रक्तातलीच साखर उतरली की आत पोहोचणारा पुरवठा आटतो, आणि मेंदूपाशी शिल्लक म्हणावी अशी नसते.

मग हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, पुढे बोलणे असंबद्ध होते. आणि सोबतची मंडळी ‘चालून दमला’ म्हणून त्यास कडेला निजवतात, हाच घात. साखर ७० च्या खाली गेली असता, किंवा मोजण्याची सोय नसताना नुसता संशय आला तरी, ग्लुकोजची पूड तीन चमचे पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी, आणि नंतर काही खाऊ घालावे. व्होग्लिबोज घेणाऱ्यास घरची साखर लवकर लागू पडत नाही, त्यास ग्लुकोजच हवे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता १०८ ला फोन करून घाटी वा जवळचे रुग्णालय गाठावे; गोळीचा अंमल तासन्‌तास टिकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी न्यावेच.

हेक्सोकायनेज-१ चा जनुक तपासून घ्यावा काय, असे विचारणाऱ्यांस माझे उत्तर स्पष्ट नाही असेच आहे. त्यातले आजार अतिविरळ, आणि मधुमेह्यास त्या खर्चाचा उपयोग नाही.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, उपवास एकादशीचा असो वा रमजानचा रोजा, त्या दिवसाची मात्रा आधीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. स्वतःच्या मनाने ती बंदही करू नये.