हौदाचं पाणी हिरवंगार, मासे दिसेनात

प्रश्न : साताऱ्याजवळ आमचं जुनं घर आहे. परसात सासऱ्यांनी बांधलेला सिमेंटचा हौद आहे : १० फूट लांब, ६ फूट रुंद, अडीच फूट खोल. त्यात त्यांनी हौसेनं गोल्डफिश सोडले होते. सासरे गेल्यावर हौदाकडे कुणी पाहिलंच नाही. उन्हाळ्यात गडी पाइप लावून पाणी तेवढं भरायचा. आता आम्ही राहायला आलो, तर पाणी इतकं हिरवं की हात घातला तर बोटं दिसत नाहीत. तळाशी आंब्याची पानं कुजून पडली आहेत. पोळीचा तुकडा टाकला की मासे वर येतात, म्हणजे आहेत. एका रविवारी सगळं पाणी उपसून, तळ घासून, नव्यानं भरावं असा विचार आहे. शेजारचे काका म्हणतात, मोरचूद टाका, दोन दिवसांत पाणी नितळ होईल. काय करावं? आणि इतकी वर्षं मासे जगले कसे?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुमचे मासे जगले ते बरंचसं त्या हिरव्या पाण्यामुळेच. हा रंग म्हणजे पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. तो साठला तर त्यांनाच विष ठरतो, पण शेवाळ तो खाऊन टाकतं आणि दिवसा उन्हात पाण्यात ऑक्सिजन सोडतं. डासांच्या अळ्या, पडलेले किडे आणि शेवाळ हे माशांचं जेवण. शेततळ्यात रोहू-कटला वाढवणारे शेतकरी तर शेण आणि सुपर फॉस्फेट टाकून पाणी मुद्दाम हिरवं करतात. ते काळ्या-पांढऱ्या रंगाची एक तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडतात आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहतात. साधारण ३० सेंटीमीटरला दिसेनाशी झाली तर पाणी चांगलं, फार आधीच झाली तर शेवाळ अति. अशीच, पण पांढरी तबकडी १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरूनं समुद्रावर वापरली. तो मुळात खगोलशास्त्रज्ञ, पण त्याचं नाव या तबकडीलाही चिकटलं!

तर तुमच्या हौदाचा रोग हिरवेपणा नाही, त्याचा अतिरेक आहे. शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं, तसं रात्री तो घेतंही. उजाडायच्या आधी बॅटरी घेऊन हौदाशी जा. मासे पृष्ठभागाशी तोंड काढून हवा गिळत असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय आणि बाकी सगळं सोडून आधी पंप किंवा कारंजं लावा. उन्हाळ्यात हे जास्त होतं, कारण २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच.

एक खात्री मात्र करून घ्या. काचेच्या पेल्यात हौदाचं पाणी रात्रभर ठेवा. सकाळी गाळ खाली बसून वर नितळ पाणी आलं, तर तो चिखल. मासे तळ उकरतात म्हणून वर येतो. पाणी नितळ पण चहासारखं तांबूस असेल, तर तो पानांचा अर्क, दिसायला वाईट पण निरुपद्रवी. हिरवं ते हिरवंच राहिलं, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

आता रविवारच्या बेताबद्दल. तो सोडा. दुर्लक्षित हौदांतले मासे दुर्लक्षानं मरण्यापेक्षा साफसफाईनं जास्त मरतात, असं माझं मत आहे. वर्षानुवर्षांच्या पाण्यातले क्षार, आम्लता, तापमान यांना तुमचे मासे सरावले आहेत. एका दिवसात सगळं बदललं तर तो धक्का त्यांना सोसत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. आणि घासताना जे बुळबुळीत थर तुम्ही घाण म्हणून काढाल, त्यातच अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग निरुपद्रवी म्हणावं असं नायट्रेट करणारे जिवाणू राहतात. ते नव्यानं जमायला चार ते सहा आठवडे लागतात.

मोरचुदाचं तर नावच नको. तांबं शेवाळ मारतं हे खरं, पण किती टाकायचं ते पाण्याच्या क्षारतेवर ठरतं. अंदाजानं टाकलं तर मासेही जातात, आणि वाचलेच तर मेलेलं शेवाळ एकदम कुजून पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. तुरटीही तशीच : पाणी आम्ल करते आणि शेवाळ तळाशी बसवते, म्हणजे त्याचं पोषण हौदातच राहतं.

खरा मार्ग कंटाळवाणा आहे. शेवाळाला उपाशी ठेवायचं. त्याला लागतं ऊन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. ही शेवटची दोन येतात कुजलेल्या पानांतून आणि तुम्ही टाकता त्या पोळीतून. तेव्हा पोळी आजपासून बंद. पुढे माशांचा दाणा घालाल तेव्हाही दोन-तीन मिनिटांत संपेल इतकाच घाला.

पानं काढायला जाळी लावलेली लांब दांडी घ्या आणि एका दिवशी हौदाचा एकच कोपरा साफ करा. खालच्या काळ्या गाळात हवा नसते. तो ढवळला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो वायू माशांना घातक. म्हणून ढवळू नका. जाड नळी पाण्यानं भरून एक टोक गाळाशी धरा, दुसरं अंगठ्यानं दाबून हौदाबाहेर खाली न्या आणि सोडा. गाळ आपोआप ओढला जातो. तो केळीच्या आळ्यात जाऊ द्या, केळ खूश होईल.

तुमच्या हौदाचं माप १५० घनफूट, म्हणजे सव्वाचार हजार लिटरच्या आसपास. आठवड्याला ४०० ते ६०० लिटर बदललं की पुरे, आणि गाळाबरोबर निघेल ते पाणी त्यातच धरा. नळाचं पाणी असेल तर उघड्या पिंपांत एक दिवस ठेवून मग घाला. बोअरचं असेल तर त्यात क्लोरीन नसतं, पण ऑक्सिजनही कमी असतो. झारीसारखं उंचावरून पडू द्या.

सावलीसाठी कुंड्यांत लावलेली कुमुदं तळाशी ठेवा, निम्मा ते दोन तृतीयांश पृष्ठभाग पानांनी झाकला की शेवाळाचं ऊन तुटतं. जलपर्णी पोषण भराभर शोषते, हे खरं. पण ती ओढ्यात गेली की काय होतं ते मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्यांना विचारा. मी तुम्हाला ती सुचवणार नाही.

गाळणी घरीच होते. २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप, त्यात खाली जाड स्पंज, वर विटांचे तुकडे किंवा खडी. तासाला दोन हजार लिटर ओढणारा पंप, अहोरात्र चालू. स्पंज हौदाच्याच पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही. वीज काही तास गेली तर बंद पिंपातले जिवाणू गुदमरतात आणि पाणी नासतं. वीज आल्यावर पिंपातलं पाणी आधी बाहेर सोडून द्या, मग पंप हौदाशी जोडा. तरीही हिरवेपणा हटेना तर अतिनील दिव्याची नळी मिळते. ती तरंगतं शेवाळ मारते, पण काठाला चिकटलेल्या तंतूंवर किंवा चिखलावर तिचा काही उपयोग नाही.

पाणी निवळायला एक-दोन महिने धरा. मध्येच एकदा ते पुन्हा हिरवं होईल, तेव्हा काकांकडे जाऊ नका. भिंतीला तडा दिसला आणि सिमेंट लावावं लागलं, तर मासे टबात हौदाच्याच पाण्यात ठेवा, वर मच्छरदाणी बांधा, ते उड्या मारतात. ताज्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. हौद भरून काही दिवस ठेवून, ते पाणी एक-दोनदा टाकून दिल्यावरच मासे परत सोडा.

पाणी नितळ झालं की धीवर आणि ढोकरी या पक्ष्यांनाही मासे दिसू लागतील. वर नायलॉनची जाळी ताणा. आणि मोजल्यावर मासे हौदात ठेवता येतील त्याहून जास्त निघाले, तर कुणाच्या हौदासाठी द्या. नदीत किंवा तळ्यात सोडू नका, गोल्डफिश आपल्या पाण्यातला मासा नाही.