अपूर्णांक शिकवायला रांगोळी?

प्रश्न : मी वाटूरला (ता. परतूर, जि. जालना) पाचवीला शिकवते. चित्रं-नाटकांत वेळ गेला तर अभ्यासक्रम मागे पडेल, असं पालक म्हणतात. काय करू?

उत्तर : वेगळा तास काढू नका, धड्याच्याच तासात कला आणा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कला-समन्वित शिक्षणाचा पुरस्कार आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत सममितीचा अक्ष मुलांना शोधू द्या. वर्तुळाचे आठ समान भाग करून तीन रंगवले, की ३/८ डोळ्यांना दिसतो. मराठीच्या तासाला पैठणच्या एकनाथांच्या भारुडांच्या धर्तीवर मुलांनीच पाणीटंचाईवर सोंग लिहून सादर करावं. गुण मात्र रेखीवपणाला नव्हे, समजेला द्या. ‘अक्ष इथेच का?’ हे मुलाला सांगता आलं पाहिजे. पालकांनाही तेच मुलांकडून ऐकू द्या.