सांधेदुखीवरची पुडीतली गोळी
अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले. चारपाच दिवसांत ती चालू लागली! १९४९ मध्ये हा अभ्यास छापून आला, १९५० मध्ये नोबेल मिळाले. पण औषध थांबले की दुखणे परत येते, हेही हेंच यांनाच दिसले.

वस्तीत पुडीत मिळणारी बिननावाची गोळी अनेकदा याच कुळातली, स्टेरॉइडची असते. आराम पडतो, हे खोटे नाही. पण महिनोन्‌महिने घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. मात्र ती एकदम बंद करू नका. डॉक्टरांकडूनच हळूहळू कमी करून घ्या.

सकाळी बोटे तासभर आखडत असतील, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर सरकारी रुग्णालय गाठा. तिथे मेथोट्रेक्सेट लिहून दिले, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही.