नदीकाठचे शिबिर : विनयातील नदी आणि कुंडलिकेचे पाणी

अलीकडे निवासी शाळांतून रानातील नदीकाठी मुक्कामी शिबिरे भरू लागली आहेत. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र संमतिपत्रावर सही करताना पालकांचा हात थबकतो तो पाण्याच्या भीतीने, आणि ती भीती अनाठायी नाही. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास येथे मांडतो.

तथागतांचा भिक्खूसंघ हा नद्या व अरण्ये यांच्या सान्निध्यात समूहाने राहणारा संघ होता. साहजिकच विनयपिटकात नदीकाठच्या वागणुकीचे बारीक नियम आढळतात. आजारी नसताना पाण्यात मलमूत्रविसर्जन करू नये, थुंकू नये. पाणी गाळून प्यावे. त्यासाठी गाळणे हे भिक्खूच्या आठ परिष्कारांपैकी एक मानले गेले. शेकोटीचा नियम तर आजच्या शिबिरप्रमुखांनी अवश्य वाचावा. थंडीत काही भिक्खूंनी एका पोकळ ओंडक्याला आग लावून शेक घेतला. आतला नाग होरपळून बाहेर आला आणि भिक्खूंची पळापळ झाली. केवळ उबेसाठी, आजारपण नसताना आग पेटवू नये, या नियमामागची कथा ही आहे. शिबिरात शेकोटी असावी. पण ओंडके उलटून, ठोकून पाहिल्याशिवाय ते जाळात घालू नयेत.

श्रावस्तीजवळच्या अचिरवती नदीत सतरा जणांच्या गटातील तरुण भिक्खू जलक्रीडा करीत असताना राजा प्रसेनजित व राणी मल्लिका यांनी त्यांना पाहिले, आणि पुढे पाण्यात खेळण्यास मनाई झाली. हा नियम भिक्खूंसाठी आहे, शाळकरी मुलांसाठी नव्हे. मुलांनी पाण्यात खेळावेच. प्रश्न आहे तो कोणत्या पाण्यात, हा.

रायगड जिल्ह्यातील कुंडलिका नदीचे उदाहरण घेऊ. कोलाडजवळ राफ्टिंगसाठी ती प्रसिद्ध आहे. दोन्ही काठांना दाट झाडी, पात्रात कातळ आणि फेसाळ धावते पाणी. परंतु या खळाळाचे मूळ केवळ पावसात नाही. मुळशी धरणात अडविलेले मुळा नदीचे पाणी घाटमाथ्यावरून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथील वीजगृहात आणले जाते आणि वीजनिर्मितीनंतर कुंडलिकेत सोडले जाते. बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी असे पश्चिमेस वळले. त्यासाठी मावळातील शेतकऱ्यांची गावे बुडाली. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह त्याचाच. भिरा वीजगृह सुरू झाले ते १९२७ साली. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात (तेव्हाचा कुलाबा), बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकाच जिल्ह्यात एक पाणी यंत्राने उतरत होते आणि दुसऱ्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागत होता.

शिबिराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, निरभ्र आकाश असतानाही ही नदी चढते. विसर्ग सुरू होण्याआधी जे पात्र घोटाभर पाण्याचे असते, ते पुढे ओलांडता येत नाही. म्हणून तंबू वाळूच्या पट्ट्यावर कधीही लावू नये. झाडांच्या मुळांत अडकलेला काडीकचरा, कातळावरील ओलीची रेषा पाहावी आणि तिच्याही बऱ्याच वर मुक्काम करावा. विसर्गाची वेळ स्थानिकांना रोज विचारावी. पावसाळ्यात असा मुक्काम टाळावाच. भिक्खूसुद्धा वर्षावासात प्रवास थांबवीत.

धावत्या पाण्याचा जोर मुलांना गणिताने समजवावा. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. त्यामुळे गुडघाभर पाणीही उभ्या माणसाला पाडते. पडल्यावर उभे राहण्याची धडपड हीच घातक, कारण दगडांच्या फटीत पाय अडकला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो. पाठीवर तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवावेत आणि तिरके काठाकडे सरकावे. लाइफ जॅकेट पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हवेच. खळाळात हाक ऐकू येत नाही. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असावी, आणि तीन शिट्ट्या म्हणजे संकट, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. जोड्या लावून दिवसातून अनेकदा हजेरी घ्यावी. शौचाचे खड्डे पात्रापासून किमान ६० मीटर दूर खणावेत. पिण्याचे पाणी गाळून उकळावे.

आता एक अवघड मुद्दा. खेड्यात पोहणे शिकले जाते ते विहिरीत, पाठीला भोपळा किंवा डबा बांधून, वडील-काकांच्या देखरेखीखाली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विहिरीच्या काठावर उभे राहू दिले नाही, त्यांच्या घरांत ही विद्या वारशाने कशी येणार? आपल्या अनेक मुलांना पोहता येत नाही, यात त्यांचा भित्रेपणा नाही. विहिरी खुल्या झाल्या, पण तोवर शिकविणारे हात घरात उरले नव्हते. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न दुहेरी आहे.

तेव्हा शिबिराच्या आधी किमान महिनाभर जलतरण तलावात शिक्षण व्हावे, मुलींसाठी स्त्री-प्रशिक्षक असावी. संमतिपत्र हाती येताच पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात : तंबू पाण्यापासून किती उंचीवर, विसर्गाची चौकशी कोण करणार, आणि लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची आहेत का. तलावाचे शुल्क अनेक घरांना परवडणारे नाही. माजी विद्यार्थ्यांना वर्गखोलीसाठी फरशी किंवा पंखा द्यावासा वाटतो. त्याऐवजी यंदा वीस मुलांचे एका महिन्याचे पोहणे द्यावे.