हायकू आणि हायगा

दोन वर्षांपूर्वी मी १७ अक्षरे बोटांवर मोजून हायकू लिहिले आणि प्रत्येकाशेजारी चित्र काढले. कवितेत कावळा, तर चित्रातही कावळा! यातली चूक मला उमगली ती 'हायगा' या जपानी चित्रप्रकाराचा अभ्यास करताना.

मुळात हायकू ही स्वतंत्र कविता नव्हे. अनेक कवींनी मिळून रचायच्या साखळीकाव्याची ती पहिली कडी, 'होक्कू'. ५-७-५ ध्वनिमात्रांची, ऋतुसूचक शब्द असलेली. बाशोने (१६४४-१६९४) तिला गांभीर्य दिले. तो चित्रेही काढी. पण कवी आणि चित्रकार सारख्याच तोलाने नांदले ते बुसोनमध्ये (१७१६-१७८४). बाशोच्या १६८९ च्या पदयात्रेचे वर्णन बुसोनने स्वहस्ते उतरून काढले आणि मजकुराच्या अधूनमधून माणसे रेखाटली. मोजक्या रेषा, फिकट रंग, भोवती कोरा कागद. चांगल्या हायग्यात चित्र कवितेचा अर्थ सांगत बसत नाही. पुष्कळदा कवितेत नसलेलेच काही दाखवते. मधली जागा वाचकाने भरायची.

'हायकू' हे नाव रूढ केले शिकीने (१८६७-१९०२). कवी म्हणून मागे पडलेल्या बुसोनला त्यानेच पुढे आणले. दिसेल ते जसेच्या तसे टिपावे, हा त्याचा आग्रह पाश्चात्त्य चित्रकलेतून आलेला. क्षयाने अंथरुणाला खिळलेला हा कवी अखेरच्या वर्षी पडल्यापडल्या फळाफुलांची चित्रे काढीत होता.

शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकू आपण वाचतो. हायग्याकडे मात्र सहसा वळत नाही. माझ्या वहीतला कावळा मी फाडून टाकला. कविता ठेवली आहे. तिच्याशेजारी काय काढावे, ते अद्याप सुचलेले नाही.